आपलं कब्रस्तान कोणतं?

आपल्या घरांत लग्नाची बोलणी वर्षभर आधी सुरू होतात. फ्लॅट घ्यायचा तर कागदपत्रं दहा जणांना दाखवून होतात. मुलाचं कॉलेज, मुलीचं स्थळ, हजचा अर्ज, कुर्बानीतला हिस्सा, सगळ्यावर चर्चा होते. मय्यत कुठे न्यायची यावर मात्र कधीच होत नाही. तो प्रश्न मध्यरात्री हॉस्पिटलच्या जिन्यात विचारला जातो आणि ज्याला विचारतात त्याला धड रडायलाही वेळ मिळालेला नसतो. दफनाला उशीर करू नये ही आपली शिकवण. गुस्ल, कफन, कब्र खोदणं, जनाजाची नमाज हे सगळं जोहरपर्यंत उरकायचं असतं. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा, त्याचं चालतं.

माझे मामू गेले तेव्हा असंच झालं. अर्धं घर म्हणत होतं गावी न्या, अर्धं म्हणत होतं इथेच पुण्यात. अँब्युलन्स दोनदा ठरली, दोनदा रद्द झाली. शेवटी एका चुलतभावाने फोनवरून सांगितलं आणि तसं झालं. मामूंची स्वतःची काय इच्छा होती हे कुणालाच माहीत नव्हतं. मुमानीला ती माहीत असावी, पण तिला कुणी विचारलं नाही. इद्दतीच्या दिवसांत ती एकदाच म्हणाली, "मेरेकू पूछते तो बोलती थी."

आम्ही तीन बहिणी, भाऊ नाही. अब्बा ७६ वर्षांचे, हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं. अम्मी सत्तरीला आलेली. मामूंच्या चाळीसव्यानंतर मी ठरवलं की आपल्या घरात हे असं होऊ द्यायचं नाही. एका रविवारी असरनंतर चहा पिताना दोघांना सरळ विचारलं. अम्मी म्हणाली, "चाय के टाइम पे ये क्या बातां?" अब्बा मात्र जणू वाटच बघत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मेरेकू माँ के बाजू में रख देव. बस."

अब्बांची माँ म्हणजे आमची दादी. तिची कब्र गावी, बार्शी तालुक्यात. अब्बांची नोकरी एसटीतली. बदली होऊन पुण्यात आले आणि इथेच राहिले. पण रेशनकार्ड बदललं तरी मनातला पत्ता बदलला नाही. अम्मीला विचारलं तर ती तितक्याच ठामपणे म्हणाली, "मैं नै जाती उधर." अब्बांनी चमकून बघितलं. ती म्हणाली, "पचास साल बाजूमेंच हूँ. अब थोडा लांब सही." आम्ही बहिणी हसलो, अब्बाही हसले. मला मात्र कळलं की यात चेष्टेपलीकडे काहीतरी आहे. ते काय, हे कळायला पुढे चार महिने लागले.

आधी अब्बांच्या इच्छेबद्दल. आपल्या माणसांच्या शेजारी दफन व्हावं असं वाटणं हे काही मनाचे लाड नव्हेत. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांचं दफन मदिन्याच्या जन्नतुल बकीमध्ये झालं, तेव्हा पैगंबरांनी (स.) स्वतः एक दगड उचलून कब्रीच्या उशाशी ठेवला. ओळख राहावी आणि घरातलं जे कुणी पुढे जाईल त्याला त्यांच्याजवळ ठेवता यावं, एवढ्यासाठी. हदीसच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. ना घुमट, ना संगमरवर, नुसता एक दगड. दादीच्या कब्रीला तेवढाच आहे. अब्बांनी ओढ्यातून आणलेला.

पण इच्छा एक आणि रस्ता दुसरा. पुण्याहून आमचं गाव २०० किलोमीटरच्या वर आहे. मय्यत इतकी लांब नेऊ नये, जिथे मृत्यू आला तिथल्याच कब्रस्तानात दफन करावं, असं बहुतेक उलेमा सांगतात. कारणं समजण्यासारखी आहेत. उशीर होतो, मय्यतीचे हाल होतात, खर्च वाढतो. सौदीत किंवा कुवेतमध्ये वारलेल्या कोकणातल्या कितीतरी माणसांचं दफन तिथेच होतं आणि घरचे इथे गायबाना नमाज पढतात किंवा नुसती दुआ करतात. कोण कुठल्या जमिनीत मरेल हे कुणालाच ठाऊक नाही, असं सूरह लुकमानच्या अखेरीस आलं आहे. मदरशात आपण सगळ्यांनी ते पाठ केलेलं असतं, पण त्याचा विचार कधी केलेला नसतो.

बहादूरशाह जफर यांचं उदाहरण मी मुलांना उर्दू शिकवताना सांगते. दिल्लीत मेहरौलीला, ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याला लागून जफर महल आहे. तिथे वडिलांच्या कब्रीजवळ बादशहाने स्वतःसाठी जागा ठरवून ठेवली होती. इंग्रजांनी त्याला रंगूनला नेलं. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो तिथेच गेला आणि त्याला तिथेच पुरलं, तेही खूण राहू नये अशा रीतीने. खरी कब्र सापडली ती १९९१ मध्ये, खोदकाम करताना. मेहरौलीतली जागा आजही रिकामी आहे. बादशहाचं रिझर्व्हेशन टिकलं नाही, तिथे आपलं काय?

तरीही पर्याय बघायचे म्हणून मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले. आधी पुण्यातलं सांगते.

कब्रस्तानाच्या ऑफिसात गेले तेव्हा माझा पहिला प्रश्न ऐकून तिथले बुजुर्ग हसले. मी विचारलं होतं, "जागा बुक करता येते का?" ते म्हणाले, "बेटी, ये फ्लॅट नहीं है." मग त्यांनी शांतपणे समजावलं. कब्रस्तान ही वक्फ जमीन. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची दिलेली. ती विकता येत नाही, विकत घेता येत नाही, वारशाने मिळत नाही. ट्रस्टी किंवा मुतवल्ली हे राखणदार, मालक नव्हेत. आपल्या राज्यात वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि नोंदणी झालेल्या कब्रस्तानांचे कागद तिथे असतात. सगळीच कब्रस्तानं वक्फची नसतात. काही महानगरपालिकेची असतात, काही ग्रामपंचायतीच्या किंवा सरकारी जमिनीवर. त्यांना कागदोपत्री 'दफनभूमी' म्हणतात. मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा पुरवणं आणि राखणं हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांपैकी एक आहे. त्यासाठी विकास आराखड्यात आरक्षण टाकतात. आपल्या वस्तीच्या आराखड्यात असं आरक्षण आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी बघितलं आहे? शाळेचं, बागेचं आरक्षण आपण बघतो. हेही बघायला हवं, कारण वस्ती वाढते आणि कब्रस्तान तेवढंच राहतं.

मग जागा पुरते कशी? पुन्हा पुन्हा वापरून. बुजुर्ग म्हणाले, "इधर सात-आठ साल में नंबर फिर आता है." हे ऐकून धक्का बसतो, पण यात बेअदबी नाही. आधीचं शरीर पूर्ण मातीत मिसळून गेलं असेल तर त्याच जागी दुसरं दफन करायला शरियतची हरकत नाही. हाडं निघालीच तर ती अदबीने बाजूला पुरतात. म्हणून तर अनेक कब्रस्तानांत पक्की कब्र बांधायला मनाई आहे. मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात मोहम्मद रफी होते, मधुबाला होत्या, साहिर होते. २०१० च्या सुमारास नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून त्या कब्री सपाट करून माती टाकली गेली. वर्तमानपत्रांत बरीच हळहळ छापून आली. मलाही वाईट वाटलं होतं. आता वाटतं, रफीसाहेबांच्या जागी कुणी रिक्षावाला निजला असेल तर त्यात वाईट काय? त्यांचा आवाज त्या दगडात नव्हताच.

पुण्यातल्या त्या ऑफिसात मला बरी माणसं भेटली. पण त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पहिलाच प्रश्न आला होता, "तुम्ही कुठल्या जमातचे?" मी सांगितलं, कलमा पढणाऱ्यांच्या. समोरच्याला ते आवडलं नाही. त्याला फिरका हवा होता. वर्गणीची पावती हवी होती, तीही पुरुषाच्या नावाची. जमाती-जमातींची वेगळी कब्रस्तानं असणं जुनंच आहे. खोजा, बोहरा, मेमन, कोकणी यांची मुंबईत स्वतंत्र आहेत आणि ज्याने त्याने ती मेहनतीने उभी केली आहेत. मोठ्या शहरांत एवढ्या लोकांची सोय अशानेच होते, हे मला मान्य आहे. पण सोय वेगळी आणि मय्यत दारात थांबवून अकीदा तपासणं वेगळं. कोरोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी बघितलं की दार बंद होतं तेव्हा कसं वाटतं. ३० मार्च २०२० रोजी मुंबईत एक परिपत्रक निघालं की कोरोनाने गेलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाला दहनच द्यायचं. काही तासांत ते बदललं. मग वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन नको म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. तेव्हा आपण त्या निकालाचे मेसेज एकमेकांना पाठवत होतो. तोच सन्मान आपण आपल्यातल्या दुसऱ्या फिरक्याच्या मय्यतीला देतो का, हे ज्याने त्याने बघावं.

आता गावाकडचं. गावात आमची मोजून चौदा घरं. कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडे, सव्वा एकराचं. वेडी बाभूळ माजलेली, कुंपण नाही. इथे ना कमिटी, ना ऑफिस, ना कब्र खोदणारा कुणी ठरलेला. मय्यत झाली की टिकाव-खोरी घेऊन गाव येतं, आणि गाव म्हणजे फक्त चौदा घरं नव्हेत. अब्बांचे बालमित्र आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मराठा, माळकरी. दादीची कब्र खोदताना कमरेपर्यंत खड्ड्यात तेच होते. मूठभर माती टाकायला त्यांच्या घरची पोरंसुद्धा आली होती. कब्र उत्तर-दक्षिण, उशी उत्तरेला, तोंड पश्चिमेला किबल्याकडे, हे नानांना आमच्या पुण्याच्या पोरांपेक्षा चांगलं ठाऊक. ते म्हणाले, "आपली काळी माती. बगलेत कोनाडा घेतला तर ढासळतो. म्हणून मधोमध चर घ्यायचा, वर शहाबादी टाकायची." किताबात हेच लिहिलं आहे. माती घट्ट असेल तर लहद, म्हणजे किबल्याच्या बाजूला कोनाडा. भुसभुशीत असेल तर शक, म्हणजे मधला चर. नानांनी किताब वाचलेली नाही, माती वाचली आहे.

पण गावाला सगळं गोडच आहे असं नाही. मी सातबारा काढला. क्षेत्र बरोबर, कब्रस्तान अशी नोंदही आहे, पण जमिनीवर तेवढं दिसत नाही. एका बाजूने बांध सरकत आला आहे, दुसरीकडून वहिवाटीची वाट गेली आहे. कुणाचं नाव घेऊन भांडण काढण्यात अर्थ नाही, कारण ज्याचा बांध सरकला त्याच्याही विहिरीचं पाणी आपण प्यायलो आहोत. नाना म्हणाले, "मोजणी आणा. सरकारी खुणा झाल्या की कुणी बोलणार नाही. मी उभा राहतो." चौदा घरांनी वर्गणी काढली आणि भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला. जिल्हा परिषदेच्या जनसुविधा योजनेत दहनभूमी आणि दफनभूमीची कामं बसतात, म्हणून ग्रामपंचायतीकडे कुंपणाचा आणि हातपंपाचा ठराव मागितला. दोन्ही अर्ज मी लिहिले. शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून औपचारिक पत्रं लिहून घेते, त्याचा असा उपयोग झाला.

त्याच दिवशी, बाभळीतून चालताना, नाना एका कोपऱ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तुझा थोरला भाऊ इथं हाय बघ." मला आधी कळलंच नाही. माझ्याआधी एक मुलगा झाला होता आणि आठ दिवसांत गेला, हे मी लहानपणी एकदा ओझरतं ऐकलं होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. त्या रात्री अब्बा एसटीच्या ड्युटीवर मुक्कामी होते. त्यांना निरोप पोचायच्या आत, उजाडता उजाडता, नानांनी आणि माझ्या चुलत दादांनी ती एवढीशी कब्र खोदली होती. नानांना जागा लक्षात होती, कारण शेजारच्या शेताच्या बांधावर तेव्हा त्यांनीच लिंबाचं रोप लावलं होतं. आता तो मोठा लिंब आहे.

पुण्याला आल्यावर मी अम्मीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ले गए सो ले गए. किधर रखे, मेरेकू कोई दिखाया नै." तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती. बाळंतीण. कब्रस्तानात बाईने जायचं नाही, असं तिला सांगण्याचीही गरज पडली नव्हती. ते सगळ्यांना ठाऊकच होतं. पुढे ती त्या गावात आणखी नऊ-दहा वर्षं राहिली. ओढ्यावर धुणं धुताना पलीकडे कब्रस्तान दिसायचं. त्यातलं नेमकं कुठे, हे तिला माहीत नव्हतं. "मैं नै जाती उधर" हे ती का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं.

कब्रस्तानात बायकांनी जावं की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. कब्रींना भेट द्यायला आधी मनाई होती, मग पैगंबरांनी (स.) परवानगी दिली, कारण त्याने आखिरतची आठवण होते. स्वतः ते आपल्या आईच्या कब्रीवर जाऊन रडले होते. काही जण म्हणतात ही परवानगी बायकांनाही आहे. काही जण बायकांनी वारंवार जाण्याविरुद्धची हदीस पुढे करतात. हजरत आयेशा (रजि.) आपल्या भावाच्या, अब्दुर्रहमान यांच्या कब्रीवर गेल्या होत्या, हेही हदीसमध्येच आहे. मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की आपल्या बायका दर्ग्यात जातात आणि तिथेही कब्रच असते. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना पुन्हा जाता यावं म्हणून २०१६ मध्ये उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि त्या पुन्हा जाऊ लागल्या. औलियाच्या कब्रीवर चादर चढवायला आपण चालतो. आपल्या पोटच्या पोराच्या कब्रीवर फातिहा पढायला चालत नाही, हे मला कुणी नीट समजावून सांगावं.

आम्ही अम्मीला गावी घेऊन गेलो. फार गाजावाजा केला नाही. सकाळी लवकर, अब्बा, अम्मी, मी, माझा मुलगा आणि नाना. वाटेत गावातल्या एका बुजुर्गांनी अब्बांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. अब्बा म्हणाले, "उसका बच्चा है," आणि पुढे चालू लागले. बुजुर्ग काही बोलले नाहीत. लिंबाजवळ पोचल्यावर नानांनी हाताने जागा दाखवली. खूण काहीच नव्हती, नुसतं गवत. अम्मी दुपट्टा नीट करून उभी राहिली. फातिहा पढली. मग खाली बसून तिने हाताने गवत थोडं बाजूला केलं, जसं अंथरूण नीट करतात तसं. अब्बा तिच्या मागे उभे होते. त्या दोघांनी या मुलाबद्दल माझ्यादेखत काही बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिथेही ते बोलले नाहीत.

परत येताना मी गाडीत विचारलं, "अम्मी, अब क्या लिखूँ? गाँव?" मला वाटलं होतं आता ती हो म्हणेल. ती म्हणाली, "देखना था. रहना नै." तिचं उत्तर बदललं नव्हतं. तिला पुण्यातच राहायचं आहे. "तुमे तीनों उधर है," एवढंच कारण तिने दिलं. आम्ही तिघी पुण्यात आहोत म्हणून. आणि त्या कब्रस्तानाच्या फाटकापाशी आम्हाला थांबावं लागलं तर? ती म्हणाली, "गेट तक तो आयेंगे ना."

नवरा-बायकोच्या कब्री शेजारी असाव्यात असा काही हुकूम नाही. हजरत आयेशांचीच (रजि.) गोष्ट बघा. पैगंबर (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.), म्हणजे त्यांचे पती आणि वडील, त्यांच्याच हुजऱ्यात दफन आहेत. उरलेली जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती. हजरत उमर (रजि.) जखमी होऊन अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मुलाला आयेशांकडे पाठवून त्या जागेची परवानगी मागितली. खलिफा होते, हुकूम करू शकले असते, पण त्यांनी विचारलं. आयेशांनी ती जागा दिली. स्वतः नंतर बकीमध्ये दफन झाल्या. जुम्म्याच्या बयानात हा किस्सा हजरत उमर यांच्या नम्रतेसाठी सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जागा कुणाला द्यायची, हे एका बाईला विचारलं गेलं होतं. चौदाशे वर्षांपूर्वी विचारलं गेलं. माझ्या मुमानीला कुणी विचारलं नाही.

तर आम्ही काय ठरवलं, ते सांगते. कुणाला उपयोग होईल.

एका वहीत एक पान केलं आहे. अब्बांच्या नावापुढे लिहिलं आहे: गावी असताना काही झालं तर गावी, दादीच्या बाजूला. पुण्यात झालं तर पुण्यातच, अँब्युलन्स करायची नाही. हे दुसरं वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं. मी सुचवलं नव्हतं. फक्त तेव्हापासून ते वर्षातले चार-पाच महिने गावी राहू लागले आहेत. विचारलं तर म्हणतात, हवा चांगली आहे. आम्ही काही बोलत नाही.

अम्मीच्या नावापुढे पुणे. तिला कब्रीत उतरवायला महरम हवेत. मुलगा नाही, पण जावई सासूला महरम आहेत आणि नातूही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला मी मोहल्ल्यातल्या जनाजांना पाठवते. आधी तो मागे उभा राहायचा, आता खांदा देतो. गुस्ल आम्ही तिघी बहिणी देणार. त्यासाठी मोहल्ल्यातल्या एका खालांकडून आम्ही ते रीतसर शिकलो. बाईच्या कफनाचे पाच कपडे, कुठला आधी, कुठला नंतर. कब्रीपर्यंत जाऊ देवोत न देवोत, शेवटचं पाणी आमच्या हातचं.

त्याच पानावर बाकीचं आहे. रात्री-अपरात्री घरी येऊन मृत्यूचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, कारण त्या कागदाशिवाय कब्रस्तानात नोंद होत नाही. आधार कार्ड कुठे ठेवलं आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, हे लाल शाईने. गावी नानांचा नंबर, आणि नानांचंही वय झालं म्हणून त्यांच्या मुलाचा. दोन्ही जावयांच्या फोनमध्ये या पानाचा फोटो आहे. मी आणि माझ्या नवऱ्यानेही आमची नावं लिहिली आहेत. आमच्यापुढे दोघांनी एकच लिहिलं: जिथे मृत्यू, तिथलं सगळ्यात जवळचं कब्रस्तान, कुठल्याही जमातीचं, जे दार उघडेल ते.

एक काम अजून बाकी आहे. पुण्यातल्या त्या बुजुर्गांकडे मी एक अर्ज दिला आहे, चाळीस बायकांच्या सह्यांचा. आमचं म्हणणं मोठं नाही. आठवड्यातून एक दिवस, दफन नसेल अशा वेळी, दोन तास बायकांना आत येऊन फातिहा पढू द्या. आरडाओरडा होणार नाही, ही हमी लिहून दिली आहे. ते म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. पहिल्या मीटिंगमध्ये विषय निघाला नाही. दुसरीत निघाला आणि पुढे ढकलला. तिसरी शब-ए-बारातच्या आधी आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी नाही, पण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.